जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरचे ब्रेक: गळती आणि व्हॉल्व्ह तपासताना या चुका टाळा

ब्रेक ऑइलची टाकी दर महिन्याला बोटभर खाली जाते, मालक बाटलीतून थोडं ओततो आणि गाडी चालत राहते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिन ऑइल जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. ड्रम ब्रेकमध्ये शूंचे (आतून ड्रमला दाबणाऱ्या कमानींचे) लायनर म्हणजे घासणारे पट्टे झिजले तरी टाकीच्या पातळीत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. म्हणजे पातळी उतरतेय तर कुठेतरी गळतंच आहे. त्यात जुन्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडरमध्ये चारही चाकांना ड्रम आणि सर्किट (ऑइलची लाइन) एकच. एका चाकातलं बकेट (सिलिंडरमधलं रबरी वॉशर) फाटलं की चारही ब्रेक एकदम जातात, हँडब्रेकशिवाय मागे राखीव काही नसतं.

किट (रबरी भागांचा संच) आणायला दुकानात धावण्याआधी पेडल काय सांगतंय ते ऐका. गाडी उभी ठेवून पेडल हलक्या पायाने दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू फळीकडे (पायाखालच्या तळाकडे) जातंय आणि टाकीतली पातळी तशीच आहे, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने चारही चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) मुख्य बकेट आतल्या आत ऑइल परत सोडतंय. इथे पूर्ण जोर लावू नका. जोरात दाबल्यावर बकेटची कड भिंतीला घट्ट चिकटते आणि दोष लपतो. हलक्या दाबालाच तो उघडा पडतो. पेडल स्पंजासारखं लागतंय तर हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जातं आणि दुसऱ्याला वर येतं, तर मात्र लगेच एअर (लाइनमधली हवा) काढायला बसू नका. आधी चारही चाकांचे शू ॲडजस्ट करा. निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं.

शू नीट ॲडजस्ट करूनही पाच-दहा मिनिटं गाडी उभी राहिली की पुन्हा पहिला दाब खोल जातो? मग संशय रेसिड्युअल व्हॉल्व्हवर. हा छोटा व्हॉल्व्ह मास्टर सिलिंडरच्या तळाशी, स्प्रिंगच्या पलीकडे बसतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब शिल्लक ठेवतो. त्या दाबाने व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) बकेटच्या कडा पसरलेल्या राहतात आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. तपासणी सोपी आहे. पेडल एकदा दाबून सोडा, मग कोणीही पेडलला पाय न लावता एका चाकाचं निपल (हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा. छोटी पिचकारी उडाली तर व्हॉल्व्ह जिवंत. नुसते थेंब ओघळले तर तो गेला, किंवा मागच्या वेळी किट टाकताना कोणीतरी बसवायचाच विसरला. असं फार होतं, कारण सिलिंडर उलटा केला की तो कचऱ्याबरोबर बाहेर पडतो. जोडताना क्रम असा: आधी व्हॉल्व्हची रबरी बैठक, मग व्हॉल्व्ह, स्प्रिंग, मुख्य बकेट, पातळ पत्र्याची चकती आणि शेवटी पिस्टन. ती चकती फालतू समजून टाकून देऊ नका. ती नसेल तर पेडल परत येताना बकेट पिस्टनच्या भोकांत ओढलं जाऊन कुरतडतं.

याच व्हॉल्व्हची उलटी चूक पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणारे करतात. ड्रमसाठीचे १० पीएसआय डिस्कच्या लाइनमध्ये राहिले की पॅड सतत घासतात आणि दहा किलोमीटरवर चाक इतकं तापतं की हात लावता येत नाही. डिस्कच्या लाइनमधून तो व्हॉल्व्ह काढायचा. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) खालच्या पातळीवर असेल तरच तिथे २ पीएसआयचा टाकायचा.

ब्रेक जाम होतोय म्हणून सरसकट चारही व्हील सिलिंडर बदलणं हाही पैशाचा चुराडा. चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, पेडल दाबून सोडा. चाक अडकलं तर त्याच चाकाचं निपल उघडा. तरी सुटलं नाही तर दोष यांत्रिक: शूची स्प्रिंग, ॲडजस्टर किंवा हँडब्रेकची केबल. सुटलं तर लाइनमध्ये दाब अडकलाय. आता पुन्हा दाबून अडकवा आणि या वेळी मास्टरच्या तोंडाचा पाइप किंचित सैल करा. इथे सुटलं तर दोष मास्टरमध्ये. इथे न सुटता फक्त निपलवरच सुटत असेल तर रबरी होज (चाकाकडे जाणारी लवचीक नळी) आतून सुजलाय. वरून तो नवा दिसतो, पण आतलं अस्तर झडपेसारखं वागतं: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

दोष मास्टरमध्ये निघाला तरी तो उघडायची घाई नको. पुशरॉड (पेडलची दांडी) आणि पिस्टनमध्ये सुमारे १ मिलिमीटर मोकळीक आहे का पाहा. पेडलवर ती ५-६ मिलिमीटर जाणवते. मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं सुईएवढं भोक झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही. टाकीचं झाकण काढून पेडल सावकाश दाबा. सुरुवातीलाच ऑइलचा बारीक उसळा दिसला तर भोक मोकळं आहे. तुंबलं असेल तर बारीक तार चालेल, ड्रिल मुळीच नाही; भोक मोठं झालं की बकेटची कड त्यात अडकून कापली जाते.

गळती शोधताना ड्रम काढून नुसतं वरून बघणं पुरत नाही. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांची कड स्क्रू-ड्रायव्हरने हळूच उचला. आतून ऑइल ओघळलं तर ते बकेट गेलंच. पुढच्या चाकात दोन सिलिंडर असतील तर दोन्ही पाहा. मागचा ड्रम ओला दिसला की लोक सिलिंडरला दोष देतात, पण बऱ्याचदा एक्सलचं ऑइल सील गळत असतं. पेलाभर पाण्यात त्या ओलाव्याचे दोन थेंब टाका. ब्रेक ऑइल विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं आणि गंधकासारखं वासही मारतं. दोन्हींपैकी काहीही लायनरमध्ये मुरलं असेल तर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून ते निघत नाही. त्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे शू बदला.

सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणारे खड्डे असतील तर नवं बकेट दोन पावसाळेही काढत नाही. घासून खड्डे जात नाहीत. भोक वाढतं आणि बकेट सैल बसतं. स्टीलचा स्लीव्ह मारून घ्या किंवा सिलिंडर बदला. रबरी भाग पेट्रोल-रॉकेलने धुऊ नका, ते फुगतात. स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. टाकीत चुकून इंजिन ऑइल गेलं असेल तर नुसतं उपसून भागत नाही, होजसकट सगळं रबर बदलावं लागतं.

जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं ही प्लंबरची सवय इथे कामाची नाही. ऑइल आट्यांवर अडत नाही, पाइपच्या फुलवलेल्या तोंडावर अडतं. गळत असेल तर तोंड नव्याने फुलवा. नट आवळत राहिलात तर ते तोंड चिरतं. होजखालचा तांब्याचा वॉशर दरवेळी नवा टाका. नटाला साधा पाना लावला तर कोपरे गोल होतात, फ्लेअर नटचा पाना घ्या.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. दोन्ही हवेतली ओल पितात. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल मुरल्यावर तो १४० पर्यंत घसरू शकतो; खंबाटकी उतरताना हा फरक पायाला कळतो. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला आणि अर्धी उघडी बाटली जपून ठेवू नका. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नका. डॉट ५.१ मात्र वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे.

एअर मागच्या डाव्या चाकापासून काढा, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पेडल फळीपर्यंत ठोकू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी बकेट जिथवर कधी जात नाही तिथे भिंतीवर गंज साचलेला असतो, आणि पूर्ण दाबलं की चांगलं बकेट त्यावर घासून फाटतं. सकाळी एअर काढायला घेतलेली गाडी संध्याकाळी मास्टर गेला म्हणून उभी राहते ती यामुळेच.