पावसात नकाशा कोरडा ठेवायचा तर

जुलैत इंदूरजवळ रालामंडलसारख्या टेकडीवर ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या मदतीनं ठरलेली ठिकाणं शोधत धावण्याची, स्पर्धा ठेवली, तर नकाशे लेझर प्रिंटरवरच काढा. इंकजेटची शाई थेंबाभर पाण्यानं पसरते, जमिनीची उंची दाखवणाऱ्या बारीक समोच्च रेषा वाचताच येत नाहीत.

ए-४ नकाशाला २३० × ३३० मिमीची, १०० मायक्रॉनची पारदर्शक पॉलिथिन पिशवी घ्या. नकाशा आत सरकवा, तळहातानं हवा काढा आणि तोंड हीट सीलरनं, म्हणजे प्लॅस्टिक तापवून चिकटवणाऱ्या यंत्रानं, बंद करा. चिकटपट्टी ओली झाली की सुटते. हे काम आदल्या दिवशी घरात, कोरड्या जागी उरका. दमटलेला कागद आत गेला की प्लॅस्टिकला आतून वाफ धरते, ती पुसणार कशी?

लॅमिनेशन टाळाच. त्याची नीट घडी होत नाही, आणि धावताना आपण कुठे आहोत ती जागा अंगठ्याखाली धरायला घडी हवीच.

नमुन्याची एक पिशवी दहा मिनिटं बादलीत बुडवून पाहा. कोपरा ओला झाला, तर सीलरचा ताप थोडा वाढवा.