दात दाखवायला येताना औषधांची फाइल घरी ठेवू नका : या चुका टाळा

पेठेतल्या माझ्या दवाखान्यात नवीन पेशंट खुर्चीत बसला की, तोंड उघडायला सांगायच्या आधी मी विचारते, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" बरेचदा उत्तर येतं, "मॅडम, मी दाढ दाखवायला आलोय, शुगरची फाइल घरी आहे." मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. फिजिशियनकडे जाताना माणूस सगळे रिपोर्ट पिशवीत घालून नेतो, पण हिरड्यांतून रक्त येतंय हे तिथे बोलत नाही. माझ्याकडे येतो तेव्हा दाढ दाखवतो आणि बायपास झाल्याचं सांगत नाही. दोन्ही डॉक्टरांपर्यंत अर्धाच माणूस पोचतो.

रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं

हिरडीतून रक्त दिसलं की माणूस घाबरतो. त्या बाजूला ब्रश फिरवणं सोडतो, किंवा बोटाने मंजन लावायला लागतो. तिथे जंतूंचा थर साचतो, कडक होऊन त्याचं कीटण बनतं, हिरडी आणखी सुजते आणि रक्त वाढतं. रक्त येतंय तिथेच मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने फिरवा. दोन आठवड्यांतही रक्त थांबलं नाही तर दाखवाच, कारण कीटण ब्रशने निघत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी "मला कुठे रक्त येतं?" म्हणून निर्धास्त राहू नये. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आतून वाढत असला तरी रक्त दिसत नाही.

क्लिनिंग केल्याने दात हलायला लागतात, ही समजूत पुण्यात फार घट्ट आहे. हाड आधीच झिजलेलं असतं. कीटण निघालं, सूज उतरली की फट उघडी पडते इतकंच. वरची दाढ काढली की नजर कमी होते, हेही खरं नाही. दाताची नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. खर्चाची अडचण असेल तर धनकवडी, कॅम्प आणि पिंपरी इथल्या दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. तिथे वेळ जास्त लागतो, पण शिकणाऱ्या मुलांच्या कामावर शिक्षकांची नजर असते.

शुगर उतरत नाही आणि तोंडात कोणी पाहिलेलं नाही

याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना मी पाहिलं आहे.

रक्तातली साखर वाढलेली असली की शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी पडते आणि जखम लवकर भरत नाही, म्हणून हिरड्यांचा आजार बळावतो. हे अनेकांना माहीत असतं. उलटा रस्ता फारसा माहीत नसतो. हिरडी महिनोन्महिने सुजलेली राहिली की त्या दाहातून तयार होणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. माणूस भात सोडतो, सारसबागेला फेऱ्या मारतो, गोळीचा डोस वाढवून घेतो, तरी आकडा हलत नाही. हिरड्यांखालचं कीटण खोलवर साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.३ ते ०.४ ने खाली येते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. त्यामुळे गोळ्या सुटत नाहीत. पण ज्याचा आकडा ७.४ वर अडकून बसलाय, त्याला या फरकाचं मोल विचारा. २०१८ साली आलेल्या हिरड्यांच्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार वेगाने वाढणारा धरायला सांगितलं आहे. म्हणूनच मी दात पाहायच्या आधी तो रिपोर्ट मागते.

"मी तर सडपातळ आहे, मला कशाला शुगर असेल?" असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच शहरातलं काम सांगते. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की, भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. चाळिशीत दात हलायला लागले, हिरडीवर पुन्हापुन्हा गळू येऊ लागलं, तर वजन न बघता शुगर तपासून घ्या.

दाढ काढायची म्हणून मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी येणं, ही आणखी एक चूक. मग खुर्चीतच घाम फुटतो, हात थरथरतात, शुगर एकदम खाली जाते. फक्त जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन सकाळी या.

आणि चहा. अमृततुल्यचा गोड चहा दिवसातून सहा वेळा घोट घोट घेतला, तर प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. दोनदा प्या, जेवणासोबत प्या.

गोळ्यांबद्दल न बोलणं

दाढ काढायची म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करून लोक येतात. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते माझ्या हातात राहत नाही. गोळी बंद करायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी तपासणी चालू असेल तर ताजा रिपोर्ट आणा. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते आधी सांगाच. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि कृत्रिम झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून अशा पेशंटला अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या आजी ते औषधांत मोजतच नाहीत. त्या औषधावर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. म्हणून दातांची कामं औषध सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. बीपीच्या अम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगून दातांवर येतात. ती गोळी स्वतःहून सोडू नका, दोन्ही डॉक्टरांना सांगा. ती बदलता येते.

मिश्री

भोर, वेल्हे, मुळशीकडच्या बायका सांगतात, "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटीन थेट रक्तात जातं आणि सवय लागते ती त्याचीच. गरोदरपणात मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. सुनेला रागावून ती सुटत नाही, घरातल्या सासूबाईंनी आधी सोडली तर सुटते, हे मी पाहिलंय. गरोदरपणात हिरड्या सुजतात म्हणून बाळंतपण होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात क्लिनिंग, फिलिंग निर्धास्त करता येतं.

अंथरुणावरच्या माणसाचं तोंड

अंग पुसतात, चादर बदलतात, तोंड मात्र राहून जातं. साचलेले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. डोकं उचलून किंवा कुशीवर वळवून दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात आणि जीभ साफ करा. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा.

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजणं

ठणकणारी दाढ एकदम शांत झाली की बहुधा आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाशी पसरत असतो. दाढेत तंबाखू दाबणं, हिरडीवर अ‍ॅस्पिरिन ठेवणं सोडा, त्याने हिरडी भाजते. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळवेना असं झालं तर दाताच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

कधीकधी उलटंही घडतं. पर्वती चढताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की दुखणं थांबतं, अशी तक्रार घेऊन माणूस माझ्याकडे येतो. दातात काही सापडत नाही. अशा वेळी मी त्याला त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते. जबड्याच्या दुखण्याबरोबर घाम येत असेल, छातीत दडपण असेल, तर मी तिथूनच १०८ ला फोन लावते.