चार केस फॅन, मदरबोर्डवर एकच हेडर (फॅन जोडायच्या पिना): आरपीएमचा गोंधळ असा सुटला

लक्षण: कॅबिनेटचे चारही फॅन दर काही सेकंदांनी जोरात फिरायचे, मग मंदावायचे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, एकदम ९०० वरून ३,००० वर.

बायोस अपडेट केलं, फॅन पुसले, वायरी अदलाबदल केल्या, फरक शून्य. आठवडाभर डोकं पिकलं.

दोष चारही फॅन एका हेडरला जोडणाऱ्या स्वस्त स्प्लिटरचा. चार पिनांमध्ये १ ग्राउंड, २ वर १२ व्होल्ट, ३ वेग कळवणारा सिग्नल, ४ पीडब्ल्यूएम म्हणजे वेग ठरवणारा सिग्नल. तिसरी पिन एकाच फॅनची बोर्डाला जायला हवी. या स्प्लिटरमध्ये ती सगळ्या सॉकेटांत होती, त्यामुळे चार फॅनचे सिग्नल एकमेकांत मिसळत होते. शिवाय बहुतेक हेडरची मर्यादा १ अँपिअर, ०.३ अँपिअरचे चार म्हणजे १.२.

उपाय म्हणजे हब: तो वीज थेट एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) घेतो आणि एकाच फॅनचा वेग बोर्डाला कळवतो. बेळगावात दुकानात मागताना 'साटा पॉवरवाला पीडब्ल्यूएम हब' असंच सांगा, नाहीतर पुन्हा साधा स्प्लिटर हातात पडतो.

पीसी बंद करून प्लग काढा. हबला एसएमपीएसची साटा पॉवर द्या. हबची चार पिनांची वायर मदरबोर्डवरच्या सिस-फॅन १ हेडरला लावा. वेगळी खूण किंवा रंग असलेल्या पोर्टमध्ये पहिला फॅन, बाकीच्यांत उरलेले. मग बायोसमध्ये तो हेडर 'ऑटो' किंवा 'डीसी' (व्होल्टेज बदलून वेग ठरवणारा मोड) वरून 'पीडब्ल्यूएम' वर न्या, किमान वेग ४० टक्के ठेवा. तीन पिनांचा फॅन अशा हबवर पूर्ण वेगानेच फिरतो, तो वेगळ्या हेडरवर डीसी मोडमध्ये लावा.

निपाणीकडे तंबाखूच्या वखारीजवळ पीसी असेल, तर पुढच्या फॅनला धुळीची जाळी हवीच.