शोरूमभोवतीच्या चकरेला टेस्ट ड्राइव्ह म्हणू नका

सेल्समन शेजारी बसतो, हायवेवरच्या पहिल्या यू-टर्नवरून गाडी फिरवायला लावतो आणि विचारतो, "कशी वाटली सर?" सपाट रस्त्यावर दोघंच बसलेली गाडी छानच वाटणार. आम्ही सातारकर. इथं गाडी बघायची तर चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढा.

शोरूमवाले आढेवेढे घेतील. आदल्या दिवशी फोन करा, रस्ता आधीच सांगून ठेवा. गिऱ्हाईक जाईल म्हटलं की बहुतेक ठिकाणी जमतं.

वळणावर गाडी दुसऱ्या गिअरला ठेवा आणि वळण सुटताना ॲक्सिलरेटर द्या. लगेच ओढते, की पहिला टाकावा लागतो? कागदावर हे कळत नाही. २०२४ च्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन आलं, ताकद ८२ पीएसच्या आसपास. बलेनोच्या १.२ ला चार सिलिंडर आणि ९० पीएस. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, मात्र दोघींचा जवळपास सारखाच, ११२-११३ न्यूटन मीटर. तीन आणि चार सिलिंडरमधला फरक बघायचा तर सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना स्टिअरिंगवर नुसता हात ठेवा, थरथर कळेल. मला स्वतःला चार सिलिंडरच आवडतात. वळणं घ्यायला मात्र स्विफ्टच. त्यावरून घरात वाद होतात, होऊ देत.

एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच न दाबता आपोआप बदलणारा गिअरबॉक्स) घेणार असाल तर चढावर मुद्दाम थांबा. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी जागेवर राहते की मागं सरकते ते बघा. गिअर बदलताना बसणारा हिसका ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलला की कमी होतो. तेवढी सवय नको असेल तर मॅन्युअल घ्या किंवा पैसे वाढवून सीव्हीटी (हिसका न देणारा ऑटोमॅटिक) बघा.

उतरताना, ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. इंजिन गाडीला किती धरून ठेवतं ते तेव्हाच कळतं. सतत ब्रेकवर पाय ठेवावा लागला तर ब्रेक तापतात आणि ऐनवेळी कमी लागतात.

स्पीडब्रेकर भरलेल्या गाडीनंच बघा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर, टाटा पंचचा १८७. गावाकडचे स्पीडब्रेकर कुठल्याही नियमात बसत नाहीत, तिथं हा फरक खाली घासल्याच्या आवाजातून ऐकू येतो.

ॲव्हरेजचं सेल्समनला विचारूच नका. तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा सांगणार, आणि तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्याऐवजी ती गाडी वापरणारा ओळखीचा माणूस गाठा, आणि तोही डॅशबोर्डवरचा आकडा वाचणारा नको, टाकी फुल ते टाकी फुल हिशोब ठेवणारा हवा.

आईला किंवा आजीला मागं बसवा आणि उतरायला सांगा. दाराला धरून उठावं लागलं तर सीट खाली आहे.

त्या दिवशी टोकन देऊ नका, ऑफर आजच संपतेय म्हणाले तरी. दुसरी गाडी शक्यतो त्याच दिवशी, त्याच माणसांना घेऊन त्याच घाटात चालवा.