पांढरा नायलॉन पिवळा पडतोय? या चुका टाळा

इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर नायलॉन ६६ या प्लास्टिकचा पांढरा पार्ट पिवळट यायला लागला की सगळ्यांचा हात आधी बॅरलच्या, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या गरम नळीच्या, टेम्परेचरवर जातो, १० डिग्री कमी कर, अजून १० कमी कर, शेवटी पार्ट भरेना झाला तरी पिवळेपणा तसाच. अहो, आधी दाणा सुकवायचा ड्रायर उघडून बघा!

आमच्या भोसरीत गुरुवारी सुट्टी, एकदा बुधवारी रात्री ट्रे ड्रायर चालूच राहिला, शुक्रवारी ट्रे ओढला तर वरचा दाणा लोण्यासारखा पिवळा आणि खाली हात घालून काढला तो बराच पांढरा. म्हणजे गरम हवा जिथे लागली तिथे रंग गेला, मशीन तर बंदच होती. गरम हवेतला ऑक्सिजन नायलॉनला खातो, म्हणून ८० डिग्रीच्या वर जाऊच नका आणि माल रात्रभर ठेवू नका, कोरडी हवा देणारा डिह्युमिडिफायर ड्रायर असेल तर फारच चांगलं. ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली आला की पुरे. पण म्हणून ओला माल पण टाकू नका, चंदेरी रेघा येतात आणि पार्ट ठिसूळ होतो. दर शिफ्टला चिमूटभर सुकवलेला दाणा आणि गोणीतला ताजा दाणा पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघत जा.

दुसरी चूक, छोटा पार्ट मोठ्या मशीनवर. बॅरलमध्ये ६०० ग्रॅम माल, शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) ३० ग्रॅमचा, सायकल (एका शॉटचा वेळ) ४० सेकंदांची, म्हणजे दाणा बाहेर यायला २० शॉट, १३ मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो २८० डिग्रीत शिजतोय. जेवणाच्या सुट्टीत तर विचारूच नका, थांबायचं असेल तर टेम्परेचर खाली आणा आणि परत सुरू करताना पर्जिंग करा, म्हणजे आत अडकलेला माल बाहेर काढून टाका. थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारा सेन्सर) सैल आहे का तेही बघा, डिस्प्लेवर २८० आणि आत भलतंच.

रनर (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत गोठलेला तुकडा) ग्राइंड करून परत टाकताय तर तो माल एकदा शिजलेलाच आहे हे धरून चला.

पार्ट पुढे गरम जागी बसणार असेल तर ग्रेड विचारून घ्या. तांब्याचं हीट स्टॅबिलायझर उष्णतेला दणकट असतं पण त्याने मालाला स्वतःचीच रंगछटा येते, पांढऱ्याला ते चालत नाही.

आणि पार्ट मशीनवरून पांढराशुभ्र आला पण गोडाऊनमध्ये पिवळा पडला, तर तिथे डिझेल फोर्कलिफ्ट फिरतो का बघा, त्याच्या धुराने मालातलं फिनॉलिक अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनपासून जपणारं रसायन) पिवळं पडतं. असा पार्ट दिवसभर उन्हात ठेवा, पिवळेपणा उतरला तर मोल्डिंगवाल्याला बोल लावू नका.