फोनवर व्हिडिओ शिकायचाय? यंदाच्या चवथीला माटोळीपासून सुरू करा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की कोणीतरी विचारतंच, शिकायला कॅमेरा कुठला घेऊ. काही घेऊ नका. खिशातल्या फोनवर दोन मिनिटांचा एक व्हिडिओ पूर्ण करा, मग बघू. विषय घरातच आहे, माटोळी बांधणं (गोव्यात गणपतीच्या वर फळं टांगायची चौकट असते ती), गोष्ट आयती मिळते, आधी रिकामी लाकडी चौकट, मग एकेक फळ चढतं आणि शेवटी खाली गणपती बसलेला. आदल्या दिवशी फोंड्याच्या नाहीतर म्हापशाच्या माटोळी बाजारात दोन-चार शॉट घेतले तर सुरुवातही झाली.

पहिल्यांदा सेटिंग. रिझोल्यूशन १०८०पी (फुल एचडी) ठेवा. ४के घेतलं तर चौपट पिक्सेल, म्हणजे फोन भरतो आणि जुना लॅपटॉप एडिट करताना गचके खातो. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) २५ मिळाला तर २५, नाहीतर ३०, आणि प्रो मोड असेल तर शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे ट्यूब-एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. मखराच्या माळा तरीही त्रास देत असतील तर थोडा वेळ बंद करायला सांगा, ऐकलं तर ऐकलं. मग फळावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, नाहीतर मधून कोणी गेलं की चित्र उजळतं, परत काळोखं होतं. आणि पावसात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या शूट करू नका, लेन्सवर बाष्प धरतं.

आता शूट. सगळे रेकॉर्ड दाबून खोलीभर फिरत सुटतात. नका फिरू. कोपरं अंगाला टेकवा, एक शॉट दहा सेकंद धरा, थांबवा, जागा बदला. एका कामाचे तीन शॉट तरी हवेत. समजा काका केवणीच्या (रानझुडपाच्या सालीच्या) दोराने तोरिंजन, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, बांधतायत, तर लांबून स्टुलावरचे काका, मग नुसता चेहरा (जीभ दाताखाली असते, ती सोडू नका), मग फक्त बोटं आणि गाठ. गाठ आवळून झाली तरी दोन-तीन सेकंद चालूच ठेवा, एडिटला तेच कामाला येतात.

आवाजाचं मात्र मी ठेच लागून शिकलो. एका वर्षी घुमटाच्या (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) अगदी पुढ्यात बसून आख्खी आरती घेतली, चित्र झकास, पण सोबतचं शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) वाजलं की नुसती खरखर. असा फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. तेव्हापासून दुसरा फोन आठ-दहा हात लांब ठेवून त्याच्यावर रेकॉर्डर चालू करतो आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी मारतो, एडिटमध्ये टाळीचा आवाज आणि हात आपटलेली फ्रेम जुळवली की झालं. कोणी बोलत असेल तर उलटं, फोन तोंडापासून हातभर आणि पंखा बंद. घाम येईल, येऊ दे.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुष्कळ झाली, लॅपटॉप दमत असेल तर शॉटकट नावाचं हलकं सॉफ्टवेअर. आधी सगळं फुटेज आणखी एका ठिकाणी कॉपी करा, फोनमधलं लगेच उडवू नका. क्लिप क्रमाने लावा, हललेल्या काढून टाका. काकांचं बोलणं ('कांगलां यंदा मिळालीच नाहीत रे', कांगलां म्हणजे माटोळीचं एक रानफळ) सलग ठेवा आणि वरच्या ट्रॅकवर बोटांचे, फळांचे शॉट टाका. हा बी-रोल, बोलण्यातलं 'अं… अं…' कापलं की जो झटका दिसतो तो याच्यामागे लपतो. मग जे-कट करून बघा, म्हणजे पडद्यावर अजून माटोळीच आहे पण पुढच्या आरतीचं घुमट एक सेकंद आधीच ऐकू यायला लागतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तो एवढासा तुकडा दहा वेळा बघितला असेन. पान उलटणारी, बदाम उडवणारी ट्रान्झिशन्स लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना राहू द्या.

बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, घुमटाचा ठोका शून्याला लागता कामा नये. एक्सपोर्ट एच.२६४ फॉरमॅटमध्ये, १०८०पी, शूट केलं त्याच फ्रेम रेटला. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर क्वालिटी उतरते, डॉक्युमेंट म्हणून टाका.

त्याच्या आधी एकदा काकांना दाखवा. ते हमखास विचारणार, नारळ खंय रे? आणि बघायला गेलं तर नारळाचा शॉट खरंच राहिलेला असतो.