ऑफिसची सहल शनिवारवाड्यात न्यायची असेल तर

आमच्या ऑफिसच्या सहली ठरवायचं काम माझ्याकडे असतं. रिसॉर्टचं नाव काढलं की निम्मे लोक आधीच कारणं शोधतात; 'काका, मला वाचवा' म्हटलं की अकाउंट्सवालेसुद्धा यायला तयार होतात.

रात्रीचा हट्ट सोडा. वाडा संध्याकाळी बंद होतो, आणि पेशवे नारायणरावांचा खून झाला तोही दिवसाढवळ्या, ३० ऑगस्ट १७७३ रोजी. अमावास्येच्या हाकेची दंतकथा दुपारच्या उन्हातही अंगावर काटा आणते. वाड्याची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी पाहून ठेवा. गाड्या आणू नका, पार्किंगमध्येच तास जातो. मेट्रोने महापालिकेपाशी उतरून नव्या पुलावरून चालत या.

पंधरा-पंधराचे गट करा, त्याहून मोठ्या घोळक्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही. सुरुवात दिल्ली दरवाजापासून. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दारावर बसवलेले टोकदार खिळे जवळ जाऊन बघायला लावा. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं बहुतेक सगळं जळालं, एवढं तिथे पुरे. आत फक्त जोती उरली आहेत, तेव्हा महाल डोळ्यांपुढे उभा करायचं काम सांगणाऱ्याचं. हजारी कारंजापाशी सगळ्यांना बसवा आणि मुख्य गोष्ट इथे, सावकाश सांगा.

गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, वाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करत. इथे ऑफिसची मंडळी एकदम कान टवकारतात. पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा. जिवाच्या भीतीने काका रघुनाथरावांकडे धावला, पण सुमेरसिंग गारद्याच्या माणसांनी त्याला सोडलं नाही. हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' केलं, ही 'ध'चा 'मा'ची कथा मात्र लोकांच्या तोंडची गोष्ट म्हणूनच सांगा. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंवर ठपका ठेवून मोकळे होऊ नका. मग नारायण दरवाजाकडे न्या. मृतदेह इथून बाहेर नेला असं सांगतात. इथे किंकाळ्या मारण्याची स्पर्धा, मागून घाबरवणं, भुताचे मुखवटे असलं काही मी ठेवू देत नाही. एका पोराचा जीव गेला आहे.

गटाला बोलतं करायचं असेल तर पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांवर या. पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावांना त्यांनी तोंडावर सांगितलं, या पापाला देहान्त प्रायश्चित्तच, आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. 'साहेबांचं चुकतंय हे आपल्याकडे कोण सांगेल?' एवढाच प्रश्न टाका आणि गप्प बसा. साहेब बरोबर असतील तर आणखी चांगलं. ही चर्चा अर्धा तास सहज चालते, म्हणून पुढचा कार्यक्रम घट्ट बांधू नका.

पावसाळ्यात तटावर चढण्याआधी पायऱ्या बघून घ्या, ओल्या दगडावर चप्पल घसरते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली बागेत बसू द्या. वेळ उरला तर लालमहाल चालत पाच मिनिटांवर आहे.